वाडेकरांना नाकारलेली संधी

सोनकच्छहून देवासमार्गे इंदूरला गेले की नेहरू स्टेडियमजवळ काँक्रीटची भलीमोठी बॅट दिसते. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोघांनाही त्यांच्याच घरी हरवले, त्या आनंदात ती उभारली गेली. खेळाडूंच्या सह्या तिच्यावर आहेत. हा मान माळव्याने द्यावा यात नवल नाही. होळकरांच्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला होता आणि त्या संघातल्या सी. के. नायडूंचा खेळ पाहिलेली पिढी अजून होती. पण १९७४ मध्ये इंग्लंडात तिन्ही कसोट्या हरताच याच बॅटची लोकांनी विटंबना केली. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली. पडलेल्या खेळाडूला पुन्हा उभे राहता येईल की नाही, हे एकट्या त्याच्या हातात नसते. वाडेकरांच्या बाबतीत चाहते आणि निवडकर्ते दोघेही चुकले, असे माझे ठाम मत आहे.

पराभव लाजिरवाणा होता, हे कोण नाकारेल? लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या आणि आपला दुसरा डाव १७ षटकांत ४२ धावांत आटोपला. कर्णधाराने जबाबदारी घ्यायलाच हवी. पण जबाबदारी घेणे वेगळे आणि कारकीर्दच संपवणे वेगळे. इंग्लंडच्या ओल्ड आणि अर्नोल्ड या गोलंदाजांच्या स्विंगपुढे सगळीच फलंदाजी कोसळली होती; सोलकरच्या नाबाद १८ धावा सर्वाधिक ठरल्या. आणि हाच कर्णधार तीन वर्षांपूर्वी ओव्हलवर शेवटच्या दिवशी सकाळीच ४५ धावांवर धावबाद होऊन ड्रेसिंग रूममध्ये निवांत झोपला होता. जिंकल्याची बातमी सांगायला इंग्लंडच्या केन बॅरिंग्टनने त्याला उठवले. सहकाऱ्यांवर एवढा भरवसा टाकणारा माणूस एका मालिकेत कुचकामी कसा ठरतो?

कुणी म्हणेल, वय झाले होते, नव्यांना जागा हवी होती. मग माजी कर्णधार पतौडींचे काय? ते वाडेकरांपेक्षा तीन महिन्यांनी मोठे. १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींचे कर्णधारपद गेले होते. १९७४-७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तेच परत कर्णधार झाले. त्यांची बॅट चालली नाही, तरी ०-२ अशा पिछाडीवरून संघाने कोलकाता आणि मद्रास जिंकून बरोबरी साधली. मालिका शेवटी २-३ अशी गेली. पतौडींना ही संधी मिळाली हे योग्यच झाले. वाडेकरांना मात्र पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेले आणि त्यांनी खेळणे थांबवले.

पुढे १९९३ मध्ये त्यांच्या व्यवस्थापनाखाली भारताने इंग्लंडला मायदेशी ३-० ने हरवले. त्याने हिशेब चुकता झाला, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते यश व्यवस्थापक वाडेकरांचे होते. डावखुऱ्या फलंदाज वाडेकरांची कारकीर्द ३७ कसोट्या आणि २११३ धावांवर, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीच थांबवली गेली.