जखमी माणसाकडे पाहण्याचा क्रम

देवळा तालुक्यांत उमराण्याच्या बाजूला कांद्याच्या खळ्यावर गेलें म्हणजे प्रतवारीचें काम पाहावयास मिळतें. मोठा कांदा एकीकडे, गोल्टी दुसरीकडे, सडका तिसरीकडे. निवडणाऱ्या बायकांचे हात क्षणभरही थांबत नाहींत. अशा निवडीला फ्रेंच भाषेंत जें क्रियापद आहे, तें पूर्वीं लोंकरीसारख्या मालाची प्रत लावण्यासाठीं वापरीत. त्याच क्रियापदापासून 'ट्रायेज' हा शब्द झाला, युद्धाच्या छावणींत जखमी माणसांना लागू पडला, आणि आज जगांतील अपघात-विभागांत तो रूढ आहे. कांदा निवडतांना उत्तम माल आधीं उचलतात. जखमींची निवड करतांना ज्याचा जीव सर्वांत अधिक धोक्यांत आहे त्याला आधीं उचलावें लागतें. हा उलटा क्रम मनुष्यजातीला सहजासहजीं सुचलेला नाहीं. तो कसा ठरला, आणि तो अमलांत आणण्याचें काम परिचारिकेच्या हातीं कसें आलें, हें आज सांगावयाचें आहे.

याच देवळा तालुक्यांत मंगळवार, ता. २८ जानेवारी २०२० रोजीं मेशी गांवाच्या शिवारांत एस्. टी. ची बस व आपे रिक्षा यांची टक्कर झाली आणि दोन्ही वाहनें रस्त्याकडेच्या विहिरींत कोसळलीं. २६ माणसें मृत्यु पावलीं. जखमींची संख्या तिसांहून अधिक होती. श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी. विहिरींतून एकामागून एक माणसें वर येत आहेत. कोणी किंचाळत आहे, कोणी मुलाचें नांव घेऊन रडत आहे, कोणी गप्प पडून आहे. तालुक्याच्या रुग्णालयांत शस्त्रवैद्यांची रांग उभी नसते. जखमी दारांत आला कीं त्याच्यावर पहिली नजर पडते ती बहुधा परिचारिकेची. तिचे हात दोन आणि माणसें तीस. तिनें प्रथम कोणाकडे जावें?

या प्रश्नाला प्राचीन काळापासून एक उत्तर ठरलेलें होतें: जो मोठा, त्याच्याकडे. सरदार पडला तर त्याला पालखी. शिपाई पडला तर लढाई संपेपर्यंत तो रणांगणावरच. युरोपांतही निराळी रीत नव्हती. नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य दोमिनिक लारे यानें अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हलक्या, वेगवान घोडागाड्या तयार करविल्या व लढाई चालू असतांनाच जखमी उचलण्याची व्यवस्था केली. गाडीपेक्षांही महत्त्वाचा होता त्याचा नियम. ज्याची जखम अधिक घातक त्याच्यावर आधीं उपचार, मग त्याचा हुद्दा कोणताही असो. हुद्द्यावर उभारलेल्या लष्करांत हा नियम घालून देणें ही लहान गोष्ट नव्हती.

पुढें १८५४-५५ सालीं क्रिमियाच्या युद्धांत दोन्ही बाजूंना हा प्रश्न उभा राहिला. सेव्हास्तोपोलच्या वेढ्यांत रशियन शस्त्रवैद्य पिरोगोव्ह यानें येणाऱ्या जखमींचे वर्ग पाडले: ज्यांची आशा नाहीं असे, ज्यांना ताबडतोब शस्त्रक्रिया हवी असे, ज्यांना थांबतां येईल असे, आणि किरकोळ जखमांचे. त्याच्या हाताखालीं शिकलेल्या सेविकांची पथकें होतीं. आशा सोडलेल्यांना तो या सेविकांच्या व धर्मोपदेशकाच्या स्वाधीन करी. इंग्रजांच्या बाजूला फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ च्या नोव्हेंबरांत ३८ परिचारिकांसह स्कुतारीस पोंचली. तिच्या हातांतील दिव्याचें चित्र आपल्या शाळांच्या भिंतींवर लटकलें, आणि मला वाटतें त्या चित्रानें तिच्यावर थोडा अन्यायच केला. दिवा हातांत घेऊन ती काय पाहत होती, हें चित्रकारानें दाखविलेलें नाहीं. शुश्रूषेवर तिनें जें छोटें पुस्तक लिहिलें त्यांत रोग्याच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. रोगी 'बरा आहे' असें नुसतें सांगणारी परिचारिका तिला मान्य नव्हती. काय पाहिलें, किती वेळां पाहिलें, तें निश्चित सांगतां आलें पाहिजे, हा तिचा आग्रह. अपघाती माणसाच्या शुश्रूषेचा पाया तेथें आहे.

महाराष्ट्रांत हें काम स्त्रियांच्या हातीं येण्याच्या वाटेंत एक निराळीच भिंत होती. जखमीची परीक्षा म्हणजे स्पर्श. मनगट धरावें लागतें, पोट दाबून पाहावें लागतें, डोक्याखालीं हात घालून रक्त लागतें कीं काय हें पाहावें लागतें. परपुरुषाच्या अंगाला हात लावणें, कोणत्याही जातीच्या माणसाचें रक्त व घाण धुणें, या गोष्टी शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं पांढरपेशा घरांत उच्चारणेंही कठीण होतें. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन स्थापन झालें आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें तेथील स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेऊं लागल्या. त्यांत विधवा होत्या. ज्यांचें दर्शनही समाज अशुभ मानी, त्यांच्याच हातांत रोग्याची नाडी आली. आमच्या समाजसुधारणेच्या इतिहासांत शाळांना जितकीं पानें मिळालीं, तितकीं या नाडी धरणाऱ्या हातांना मिळालीं नाहींत.

ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीवर आग लागली. पोटांत दारूगोळा आणि त्याच्याजवळ कापसाच्या गांसड्या! दुपारीं चारनंतर पहिला स्फोट झाला आणि सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. मृतांचा आंकडा आठशेंपासून तेराशेंपर्यंत निरनिराळा सांगितला जातो. आग विझविण्यास धांवलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यांत कामास आले. म्हणूनच देशभर १४ एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ पाळतात. शिकलेला सेवक जखमीपाशीं पोंचण्यापूर्वीं आजूबाजूची जागा पाहतो, याचा अर्थ अशा प्रसंगांत कळतो. सांडलेलें पेट्रोल, लोंबती वीजतार, विहिरीची ढासळती कड, यांपैकीं एक जरी नजरेंतून सुटलें तरी मदतीस आलेला माणूसच जखमींच्या रांगेंत जाऊन पडतो.

पुढचा टप्पा अमेरिकेंतील एका शेतांत घडला. १९७६ च्या फेब्रुवारींत जेम्स स्टायनर नांवाचा अस्थिशल्यवैद्य आपलें लहान विमान चालवीत कुटुंबासह जात असतां नेब्रास्का प्रांतांत तें कोसळलें. पत्नी तेथेंच गेली. चारांपैकीं तीन मुलें गंभीर जखमी झालीं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयांत जे उपचार मिळाले, ते पाहून हा वैद्य अस्वस्थ झाला. दोष माणसांचा नव्हता; जखमी आला म्हणजे प्रथम काय, नंतर काय, हें कोणी ठरवूनच दिलेलें नव्हतें. त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं पहिला शिक्षणवर्ग घेतला, आणि दोन वर्षांत अमेरिकन शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयानें तो आपलासा केला. परिचारिकांसाठीं तसाच वर्ग १९८६ पासून सुरू झाला. ध्यानांत घ्यावें कीं ही पद्धति राजधानीच्या मोठ्या इस्पितळांतून खेड्याकडे आलेली नाहीं. खेड्यांतील रुग्णालयांत काय उणें पडलें, त्यावरून ती निघाली. देवळ्यासारख्या ठिकाणीं ती परकी वाटण्याचें कारण नाहीं.

आतां मेशीसारख्या विहिरींतून काढलेल्या एकाद्या जखमीला हा क्रम लावून पाहूं. रक्ताची चिळकांडी उडत असेल तर सर्वांआधीं तिच्यावर घट्ट दाब. हातापायाची जखम असून दाबानें भागलें नाहीं तर वर पट्टा, आणि पट्टा बांधल्याची वेळ लिहून ठेवणें. मग परिचारिका त्याला विचारते, "बाबा, नांव काय तुमचं?" प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरांत तिला पुष्कळ कळतें. स्पष्ट उत्तर आलें तर त्या क्षणीं श्वासाची वाट मोकळी आहे, बोलण्यापुरती हवा छातींत जात आहे, आणि मेंदूला रक्त पोंचत आहे. म्हणूनच किंचाळणाऱ्यापेक्षां गप्प पडलेल्याकडे ती आधीं वळते. नातेवाईकांना हें निष्ठुरपणाचें वाटतें. ओरडणाऱ्याला वेदना आहे, यांत शंका नाहीं. परंतु ओरडण्यास श्वास लागतो, आणि तो श्वास गप्प पडलेल्याच्या ठायीं आहे कीं नाहीं हें अद्याप कोणीं पाहिलेलें नसतें.

गप्प माणसाच्या तोंडांत चिखल, पाणी, तुटलेला दांत असूं शकतो. तें काढावयाचें, पण मान हलवावयाची नाहीं. कारण उंचावरून पडलेल्याच्या मानेचा मणका मोडला असण्याचा संभव असतो. म्हणून एकजण डोकें दोन्ही हातांनीं स्थिर धरतो आणि दुसरा जबडा पुढें ढकलून वाट मोकळी करतो. मग छाती: दोन्ही बाजू सारख्या हलतात काय, मिनिटाला श्वास किती. मग हाताचा स्पर्श. येथें अनुभवी परिचारिकेचा हात यंत्राच्या पुढें असतो. मोठ्या माणसाच्या देहांत सुमारें पांच लिटर रक्त असतें. त्यांतलें दीड लिटर आंतल्या आंत वाहून जाईपर्यंत तरण्याताठ्या माणसाच्या रक्तदाबाचा आंकडा पुष्कळदां ठीकच दिसतो. पण त्यापूर्वींच नाडी धांवूं लागलेली असते, हात गार व ओलसर पडलेले असतात, माणूस उगीच चुळबुळ करीत असतो, पाणी मागत असतो. प्लीहा फुटलेला माणूस तासापूर्वीं चालत आला आणि आतां बांकावर निजला, अशी घटना अपघात-विभागाला नवी नाहीं.

शुद्धीच्या बाबतींत पूर्वीं 'अर्धवट शुद्धीवर', 'गुंगींत' असे शब्द लिहीत, आणि एकीची गुंगी ती दुसरीची झोंप ठरे. १९७४ सालीं ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या दोघांनीं डोळे, बोलणें व हालचाल या तीन गोष्टींना गुण देण्याची रीत घातली. एकूण गुण ३ ते १५. सकाळच्या पाळीची परिचारिका १४ लिहिते, दुपारची ११ लिहिते, आणि कोणीं कांहीं न सांगतां डॉक्टरला धांवावें लागतें.

शेवटीं अंगावरचे कपडे कापून सर्व अंग पाहणें, चौघांनीं एका इशाऱ्यावर कुशीवर वळवून पाठ पाहणें. विहिरींतून आलेल्या जखमीच्या बाबतींत हें काम अधिकच निकडीचें. नाशिक जिल्ह्यांतील जानेवारीची थंडी सर्वांना ठाऊक आहे. भिजलेल्या कपड्यांत पडलेल्या माणसाची ऊब झपाट्यानें जाते, आणि देह थंड पडला म्हणजे रक्त गोठण्याची शक्ति मंदावते. म्हणजे जखम तीच, परंतु रक्तस्राव वाढतो. तेव्हां ओले कपडे काढून घोंगडी, गोधडी, जें मिळेल तें पांघरणें हा केवळ मायेचा नव्हे, रक्त थांबविण्याचाच उपाय होय. रक्तस्रावावर एक स्वस्त औषधही आहे, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल. ४० देशांतील २० हजारांहून अधिक जखमींवरील अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला व तें लवकर, पहिल्या तीन तासांच्या आंत, दिल्यास प्राण वांचतात असें दिसलें. त्याला मोठें इस्पितळ लागत नाहीं. स्त्री जखमी असेल तर पडदा ओढण्यास जो क्षण लागतो तो मात्र अवश्य द्यावा. तेवढ्यानें कोणी दगावत नाहीं, आणि लाजेनें लपविलेली जखम दगा देते.

या सर्वांत कठीण जागा पिरोगोव्हच्या पहिल्या वर्गाची. एकट्या जखमीसाठीं जे प्रयत्न अखेरपर्यंत केले जातात, ते तीस जखमी एकदम आले असतां करतां येत नाहींत. ज्याचा श्वास वाट मोकळी करूनही परतत नाहीं, त्याला सोडून शेजारच्याकडे जावें लागतें. हा नियम कागदावर एका ओळीचा आहे. पण तालुक्याच्या गांवीं परिचारिकेला तो पाळतांना समोरचा चेहरा ओळखीचा असूं शकतो. शेजारच्या आळींतला, बाजारांत भाजी विकणारा. लारेच्या सैन्यांत हुद्दा विसरावयाचा होता. येथें नातें व ओळख विसरावयाची असते, आणि तें अधिक अवघड आहे असें मला वाटतें.

रस्त्यावरील माणसाची भीति कमी करण्यास मात्र कायद्यानें कांहीं केलें आहे. 'पोलीस केस आहे' म्हणून उपचार नाकारतां येणार नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालींच सांगितलें. मदत करणाऱ्याला चौकशीचा जाच होऊं नये यासाठीं त्याच न्यायालयानें २०१६ सालीं नियमांना बळ दिलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें तें संरक्षण मोटार वाहन कायद्यांतच आलें. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धांवूं लागली.

देवळ्यांत जखमी स्थिर झाला तरी पुष्कळदां त्याला मालेगांवास किंवा नाशिकास पाठवावें लागतें. त्याच्याबरोबर एक कागद जातो. अपघात कसा झाला, श्वास किती, नाडी किती, शुद्धीचे गुण कोणत्या वेळीं किती, पट्टा केव्हां बांधला, औषध केव्हां दिलें. रुग्णवाहिका खड्ड्यांतून उसळत असतांनाही ते आंकडे दर थोड्या वेळानें पुन्हां घेतले जातात. तिकडच्या दारांत दुसरी परिचारिका उभी असते. ती कागद वाचते, बाजूला ठेवते, आणि जखमीवर ओणवून विचारते, "बाबा, नांव काय तुमचं?"