चंचीचं कुळ

पान, सुपारी, कात, चुन्याची डबी, तंबाखू, अडकित्ता. एवढा संसार अंगावर वागवायचा तर एक खिसा पुरत नाही. म्हणून चंची. कापडाची लांब पट्टी, तिला ओळीनं कप्पे. घडी घालायची, गुंडाळायची, दोरीनं बांधून कमरेला खोचायची. तिच्यासाठी नवं कापड कशाला फाडायचं? चोळ्या शिवून उरलेला खणाचा तुकडा, जुन्या लुगड्याचा धड राहिलेला भाग, आणि हातशिलाईचा धावदोरा एवढ्यावर ती उभी राही.

बटवा तिच्याच घरातला. त्याच्या नेफ्यातून दोन नाड्या जातात, एक डावीकडून बाहेर येते, दुसरी उजवीकडून. दोन्ही एकदम ओढल्या की तोंड चारी बाजूंनी सारखं आवळतं. बटण नको, हूक नको. मला ही रचना अस्सल कारागिरीची वाटते, कारण तिच्यात मोडण्यासारखं काहीच नाही.

आज पिंपळे गुरवमधली तरुण मंडळी रविवारी पहाटे कासारवाडीला लोकल पकडून मळवलीला उतरतात आणि लोहगड चढतात. त्यांच्या सॅकमध्ये बॅटरी, औषधं, कोरडे मोजे यांच्या ज्या हलक्या पिशव्या असतात, त्यांची घडण बटव्याचीच आहे. तोच नेफा, तीच नाडी. बदललं ते कापड.

त्या कापडाचा जन्म १९३५चा. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केलं. दुसऱ्या महायुद्धात जपानी रेशीम मिळेनासं झालं आणि पॅराशूट नायलॉनची होऊ लागली. पुढे विणताना ठरावीक अंतरावर जाड धागा घालून बारीक चौकड्या पाडलेलं कापड आलं. फाटलं तरी चीर चौकडीपाशी अडते. तेच पुढे तंबूंना आणि सॅकना लागलं. आपण मात्र अजूनही कुठल्याही पातळ, सळसळत्या कापडाला ‘पॅराशूटचं’ म्हणतो.

घरी शिवून हलकं फिरण्याचा धडा एका आजीनं घालून दिला. एमा गेटवुड १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, अमेरिकेतली सुमारे ३,३०० किलोमीटरची अ‍ॅपलेशियन वाट एकट्या चालल्या. खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची झोळी, तंबू नाहीच. १९९२ मध्ये रे जार्डीन यांनी पुस्तक लिहून लांब वाटा चालणाऱ्यांना हाच आग्रह केला: सामान स्वतः शिवा, ओझं कमी करा.

त्यासाठी परदेशी कापड मागवायची गरज नाही. जूनच्या वाऱ्यात आपल्याकडे छत्र्या उलट्या होतात, काड्या मोडतात आणि धडधाकट कापड भंगारात जातं. सिमेंटचं पोतं मजबूत, पण कापलं की त्याच्या पट्ट्या सुटतात. फ्लेक्सचे फलक गल्लोगल्ली मिळतात. बाजाराच्या पिशवीला ते ठीक, हलक्या सामानाला जड. छत्रीच्या कापडाला तोड नाही.

बहुतेक छत्र्यांना आठ कळ्या असतात. शिवण उसवून त्या सुट्या करा. कळीची बाहेरची कड आधीच दुमडलेली असते. पिशवीचं तोंड तिकडे धरा. कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झटकन फिरवली की वितळून धागे बसतात. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि मोठ्या माणसांनीच करावं. मशीनला ११ नंबरची सुई, दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा ओल धरतो आणि कुजतो. टाचण्यांची भोकं या कापडात राहतात, म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. एक टीप मारून पिशवी उलटवा आणि कड आत घेऊन दुसरी टीप मारा. टिपेच्या भोकांतून पाणी शिरतंच, तेव्हा सह्याद्रीच्या पावसात फोन आत वेगळ्या प्लास्टिकमध्ये ठेवावा.

यंदा छत्री मोडली तर काड्या खुशाल भंगारवाल्याला द्या. कापड मात्र घरी ठेवा आणि पहिला बटवा त्याचाच शिवा.