दोन अंडी आणि .२७५

पबजी किंवा बीजीएमआय खेळला असाल, तर ‘कार ९८’ तुम्ही हाताळलीच असेल. एक गोळी झाडली की दांडा उचला, मागे ओढा, पुढे ढकला, मगच दुसरी. हीच बोल्ट-अ‍ॅक्शन. ‘कार ९८’मधली तिची रचना जर्मनीतल्या पाउल माउझर यांची. याच माउझर घराण्याची एक रायफल कुमाऊँच्या डोंगरात जिम कॉर्बेटच्या खांद्यावर वर्षानुवर्षं फिरली. लंडनच्या रिग्बी कंपनीने घडवलेली, .२७५ बोअरची. गोळी खरं तर जर्मन ७ मिलिमीटरची, फक्त नाव इंग्रजी इंचांत.

कॉर्बेटने ती दुकानात जाऊन निवडली नव्हती. १९०७ साली त्याने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी ही रायफल त्याला भेट दिली. गंमत अशी, की त्या शिकारीत त्याच्याकडे होती दुनळी रायफल आणि काडतुसं फक्त तीन. ती संपली, वाघीण समोर जिवंत, आणि हा धावत गेला तहसीलदाराची जुनाट बंदूक मागायला! पाच गोळ्यांचं मॅगझिन असलेली रायफल मिळणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला कळलं असेल?

पण दुनळी त्याने सोडली नाही. त्याच्याकडे .४५०/४०० ची जड दुनळीही होती. तिच्या दोन गोळ्या दांडा न ओढता, पाठोपाठ सुटतात. अंगावर येणाऱ्या वाघासमोर मी तरी तीच मागितली असती.

आणि तरीही ११ एप्रिल १९३० ला चौगडच्या वाघिणीपुढे तो उभा होता तो हलकी रायफल घेऊन. डाव्या हातात रातव्याची दोन अंडी, कारण पक्ष्यांची अंडी गोळा करायचा त्याला नाद. एका मोठ्या शिळेला वळसा घालून त्याने मागे पाहिलं, तर वाघीण काही पावलांवर, थेट त्याच्याकडे बघत. त्याने उजव्या हाताने रायफल इंचाइंचाने फिरवली आणि एका हातानेच गोळी झाडली. नंतर त्याने स्वतःच हिशेब मांडला: रायफल जड असती तर ती एका हाताने फिरवायचा विचारही केला नसता, आणि अंडी नसती तर दोन्ही हातांनी झटकन वळलो असतो, त्या झटक्यासरशी वाघिणीने झेप घेतली असती. पुढे ती अंडी त्याने घरट्यात परत नेऊन ठेवली.

अपग्रेड म्हणाल तर दुर्बीण नाही. १९२६ साली रुद्रप्रयागच्या बिबट्यासाठी त्याने रायफलीला टॉर्च जोडला होता. काळोखात बांधलेल्या बकरीची घंटा वाजली, त्याने बटण दाबलं, नेमासमोर बिबट्याचा खांदा दिसला. गोळी सुटली आणि टॉर्च विझला. १२५ बळी घेणारा तो बिबट्या मेला की नाही, हे कळायला पहाटेची वाट पाहावी लागली.

हे सगळं जगापुढे आलं ते आपल्या मुंबईतून. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या इथल्या कचेरीने १९४४ मध्ये ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ काढलं. रायफलही पुढे याच प्रकाशकांकडे गेली, आणि २०१५ मध्ये रिग्बीने ती परत मिळवली. दस्त्यावर १९०७ ची चांदीची पट्टी अजून आहे.