एलिनॉर ऑर्मरॉड

एलिनॉर अ‍ॅन ऑर्मरॉड (जन्म : ११ मे १८२८, मृत्यू : १९ जुलै १९०१) या इंग्लंडमधील कीटकशास्त्रज्ञ होत. पिके, फळबागा आणि गुरे यांना उपद्रव देणाऱ्या कीटकांचा अभ्यास म्हणजे आर्थिक कीटकशास्त्र. या शाखेचा पाया इंग्लंडमध्ये ज्यांनी घातला, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांनी कोणत्याही विद्यापीठात शिक्षण घेतले नव्हते आणि पगारी पदही कधी भूषवले नाही.

बालपण व स्वयंशिक्षण

ग्लॉस्टरशायर परगण्यात, सेव्हर्न आणि वाय या नद्यांच्या संगमाजवळ असलेल्या सेडबरी पार्क या वाड्यात त्यांचा जन्म झाला. वडील जॉर्ज ऑर्मरॉड हे चेशायर परगण्याचे इतिहासकार म्हणून प्रसिद्ध होते. दहा भावंडांत एलिनॉर सर्वांत धाकट्या. भाऊ शिक्षणासाठी बाहेर गेले. मुलींचे शिक्षण मात्र घरीच, आई सारा यांच्या देखरेखीखाली झाले. वडिलांचा धाक मोठा होता आणि घराबाहेरच्या समाजाशी मुलींचा संबंध फारसा येत नसे. त्यामुळे वाड्याभोवतीची शेते, कुरणे आणि वनराई हीच एलिनॉर यांची प्रयोगशाळा ठरली.

कीटकांच्या पद्धतशीर अभ्यासास त्यांनी १८५२ मध्ये आरंभ केला. स्टीफन्स यांचे ब्रिटिश भुंगेऱ्यांविषयीचे पुस्तक त्यांनी मिळवले. एकेका भुंगेऱ्याचे विच्छेदन करायचे आणि पुस्तकातील वर्णनाशी ताडून पाहायचे, असा त्यांचा क्रम होता. मार्गदर्शक कोणी नव्हता. १८६८ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने उपद्रवी व उपकारक कीटकांचा संग्रह करण्याचे ठरवले, तेव्हा त्यांनी शेतमजुरांच्या मदतीने नमुने गोळा करून पाठवले. या कामासाठी संस्थेने त्यांना पदक दिले.

त्यांच्या जिज्ञासेला भीती ठाऊक नव्हती. पाणसरड्याच्या त्वचेतून स्रवणारा द्रव विषारी असतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी जिवंत पाणसरडा स्वतःच्या दातांत धरला. तोंडाला बधिरता आली, लाळ सुटली. पुढे काही तास डोकेदुखी व थंडी यांचा त्रास झाला. या सर्वांची नोंद त्यांनी अत्यंत तटस्थपणे केली आहे.

वार्षिक अहवाल

१८७३ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना खऱ्या अर्थाने स्वतंत्र आयुष्य लाभले. भगिनी जॉर्जियाना यांच्यासह त्यांनी प्रथम टॉर्की, नंतर क्यू उद्यानाजवळील आयलवर्थ आणि १८८७ पासून सेंट ऑल्बन्स येथे वास्तव्य केले. जॉर्जियाना या उत्तम चित्रकार होत्या. कीटकांची अनेक चित्रे त्यांनीच काढली.

१८७७ मध्ये एलिनॉर यांनी एक लहानसे पत्रक छापून शेतकरी, बागाईतदार आणि निसर्गनिरीक्षक यांच्याकडे पाठवले. कोणती कीड केव्हा दिसली, हवामान कसे होते, कोणता उपाय लागू पडला, याची माहिती त्यांनी मागवली. आलेल्या उत्तरांवरून वार्षिक अहवाल तयार झाला आणि ही मालिका १९०० पर्यंत अखंड चालली. छपाईचा खर्च त्या स्वतः करीत. शेतकऱ्यांची पत्रे, डबीत घालून पाठवलेल्या अळ्या, कुरतडलेली पाने यांची टपालाने रीघ लागे, आणि प्रत्येकाला समजेल अशा भाषेत उत्तर जाई. शास्त्रीय ज्ञान आणि शेतकऱ्याचा अनुभव यांची अशी देवाणघेवाण त्या काळी दुर्मीळ होती.

१८८१ मध्ये त्यांचा उपद्रवी कीटकांवरील मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८२ ते १८९२ या काळात त्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीच्या सल्लागार कीटकशास्त्रज्ञ होत्या. हवामानशास्त्रातही त्यांना गती होती. रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला फेलो (१८७८).

प्रमुख कार्य

गुरांच्या पाठीवर गाठी निर्माण करणाऱ्या वॉर्बल माशीविरुद्ध त्यांनी दीर्घकाळ मोहीम चालवली. या माशीची अळी जनावराच्या कातडीखाली वाढते आणि श्वासासाठी कातडीला भोक पाडते. त्यामुळे गाय-बैलाला यातना होतातच, शिवाय कातडे निकामी होते. गाठी दाबून अळ्या काढणे व त्यांवर मलम चोपडणे हा त्यांनी सांगितलेला उपाय गुराख्यालाही जमण्याजोगा होता.

१८८६ मध्ये इंग्लंडमधील सातूच्या पिकावर हेसियन माशी आढळली. अमेरिकेत गव्हाचे अतोनात नुकसान करणारी ही कीड आल्याने घबराट पसरली. तिचे कोष जवसाच्या दाण्यासारखे दिसतात. मळणीनंतर चाळणीखाली पडणाऱ्या कचऱ्यात ते जमतात; तो कचरा जाळून टाकावा, असे ऑर्मरॉड यांनी सुचवले.

फळझाडांची पाने फस्त करणाऱ्या हिवाळी पतंगाच्या अळ्यांचा बंदोबस्त हे त्यांचे सर्वाधिक वादग्रस्त काम. या पतंगाच्या मादीला उडता येत नाही. ती खोडावरून चढते. म्हणून खोडाला चिकट पट्टा बांधण्याचा उपाय होता, पण तो अपुरा पडे. १८९० च्या सुमारास त्यांनी पॅरिस ग्रीन या तांबे व आर्सेनिकयुक्त हिरव्या विषाच्या फवारणीचा पुरस्कार केला. उत्तर अमेरिकेत ते आधीपासून वापरात होते. बागाईतदार प्रथम विषाच्या नावाने बिचकले, पण बागा वाचलेल्या दिसल्यावर विरोध ओसरला. आर्सेनिकयुक्त औषधांचे फळांवर उरणारे अंश हा प्रश्न मात्र विसाव्या शतकात गंभीर बनला, याकडे दुर्लक्ष करून त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करता येत नाही.

धान्य खाणाऱ्या चिमण्यांचा नाश करावा, या त्यांच्या १८९७ मधील पत्रकावरही पक्षिप्रेमींनी कठोर टीका केली. चिमणी पिलांना कीटकही भरवते, हा टीकाकारांचा मुद्दा निराधार नव्हता.

सन्मान व अखेर

१८९६ मध्ये जॉर्जियाना यांचे निधन झाले आणि एलिनॉर एकाकी झाल्या. तरी अहवालांचे काम थांबले नाही. एप्रिल १९०० मध्ये एडिंबरा विद्यापीठाने त्यांना सन्माननीय एलएल.डी. पदवी दिली. त्या विद्यापीठाची ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. पुढच्याच वर्षी सेंट ऑल्बन्स येथे त्यांचे निधन झाले.

रॉबर्ट वॉलेस यांनी संपादित केलेले त्यांचे आत्मचरित्र व पत्रव्यवहार १९०४ मध्ये प्रकाशित झाले. लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२४ मध्ये त्यांच्यावर ‘मिस ऑर्मरॉड’ हे ललित शब्दचित्र लिहिले. त्यात कल्पनेचा भाग बराच असल्याने चरित्राचे साधन म्हणून ते जपून वापरावे लागते.