शाळेमागचं बोर्डिंग



बोर्डिंग हा शब्द आपल्या घरांत इंग्रजी वाटतच नाही. कोल्हापूरचं दिगंबर जैन बोर्डिंग, मुंबईचं हिराचंद गुमानजी बोर्डिंग ही नावं आपण आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकत मोठ्या झालो. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा निघाली आणि सुरुवातीच्याच वर्षांत तिने वसतिगृहांचं काम हाती घेतलं. हायस्कूल खेड्यात येणार नव्हतं, मुलालाच हायस्कूलपाशी नेऊन ठेवावं लागणार होतं. तिथे त्याला दिवेलागणीच्या आत जेवण आणि जवळ मंदिर मिळालं की आईबाप निश्चिंत. मगनबाईंनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी श्राविकाश्रम काढला, तोही राहण्या-जेवणासकट. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या आपल्या बोर्डिंगात राहिले, तिथल्या नियमांशी भांडून बाहेर पडले आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह चालवलं. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना दिला, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या. बोर्डिंग म्हणजे शाळेची ओसरी नव्हे, पायाच आहे, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

पण हाच पाया अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळांना किती लागतो, याचा इतिहास आपल्या वाचनात सहसा येत नाही. आज तो सांगायला घेतला, कारण अशा शाळांचं काय करायचं ही चर्चा हल्ली फार सोप्या शब्दांत चालते. ‘आता सगळी मुलं गावच्याच शाळेत जातील, वसतिगृहं कशाला?’ असं सुशिक्षित माणसंही म्हणतात.

१८९९-१९०० चा दुष्काळ आपल्याकडे अजून छप्पनचा दुष्काळ म्हणून आठवला जातो, विक्रम संवत १९५६ चा. माणसं मेली, गुरं मेली, पोरकी मुलं मिशनऱ्यांच्या आश्रमांत आली. त्यांत काही अंध मुलंही होती. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड या बाईंनी १९०० साली मुंबईत अशा मुलांसाठी शाळा सुरू केली. मुलांना परत जायला घरच नव्हतं, म्हणून ती पहिल्या दिवसापासून निवासीच. तीच पुढे दादरची अंधशाळा. आज ती कमला मेहता यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिथे अंध मुली राहून शिकतात. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. त्याआधी १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला देशातली पहिली अंधशाळा काढली होती. कर्णबधिरांची पहिली शाळा आपल्या मुंबईतलीच, १८८५ च्या सुमाराची, माझगावची. बिशप म्यूरिन यांनी सुरू केलेली.

आता दुष्काळ सरला, तरी या शाळा निवासीच का राहिल्या? उत्तर साधं आहे. एका गावात अंध मूल असतं एखादं. त्या एकासाठी ब्रेल जाणणारा शिक्षक कोण देणार? आणि ब्रेल ही काही आठवड्यातून एकदा शिकून येणारी गोष्ट नाही. सहा ठिपक्यांची ती लिपी बोटांना रोज वाचावी लागते, जशी आपल्याला लहानपणी रोज पाटी गिरवावी लागली. आधी तर प्रत्येक प्रांताचं ब्रेल निराळं होतं, १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं तेव्हा कुठे देशाला एक पद्धत मिळाली. मूल दहा-वीस गावांतून एका जागी आणलं तरच शिक्षक, ब्रेलची जाड जाड पुस्तकं आणि पाटी-लेखणी परवडते.

शिवाय अंध मुलीचं निम्मं शिक्षण वर्गाबाहेर असतं, हे आपण बायकांनी तरी ओळखायला हवं. स्टोव्ह किंवा गॅस बोटं न भाजता लावणं, पातेल्यातलं पाणी आवाजावरून ओळखणं, कपड्यांची उलटी-सुलटी बाजू शिवणीवरून जाणणं, पाळीच्या दिवसांत स्वतःचं स्वतः बघणं, काठी घेऊन जिना उतरणं. घरी आई मायेने हे सगळं करून टाकते, आणि मूल पंगू होतं ते त्या मायेने. बोर्डिंगमध्ये पंधरा मुलींची वेणी कोण घालणार? मुलगीच शिकते.

कर्णबधिर मुलांची गोष्ट तर आणखी वेगळी. १८८० मध्ये इटलीत मिलान इथे त्यांच्या शिक्षकांची मोठी परिषद भरली. मुलांना बोलायलाच शिकवायचं, हाताच्या खुणा नकोत, असा तिथे ठराव झाला. जगभरच्या कितीतरी शाळांनी तो उचलला, आपल्याकडेही तेच वारं आलं. वर्गात हात गप्प. पण संध्याकाळी वसतिगृहाचं दार लागलं की मोठी मुलं धाकट्यांना खुणा शिकवायची. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईबाप ऐकणारे असतात, घरात ती भाषा नसतेच. ती टिकली आणि वाढली, त्यात या वसतिगृहांचा मोठा वाटा आहे. आज आपण बातम्यांच्या कोपऱ्यात जी भारतीय सांकेतिक भाषा पाहतो, तिच्यामागे कितीतरी मुलांच्या चोरून जागवलेल्या रात्री आहेत. भाषा गुरुजींनी नाकारली आणि बोर्डिंगने सांभाळली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

विलायतेत १८९३ मध्येच कायदा झाला. अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी स्थानिक शिक्षण मंडळांवर आली आणि त्यात राहण्या-जेवणाचा खर्चही धरला. आपल्याकडे मात्र कित्येक वर्षं सगळं धर्मादायावर. १९९५ च्या कायद्यात पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं, की देशाच्या कुठल्याही भागातल्या मुलाला पोचता येईल अशा रीतीने विशेष शाळा निघाव्यात. २०१६ च्या कायद्याचं कलम ३१ त्याहून स्पष्ट आहे. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क. पसंती हा शब्द कायद्यात आहे. पण जत तालुक्यातल्या वस्तीवर राहणाऱ्या मुलीसाठी बोर्डिंग नसेल, तर तिने पसंत करायचं तरी काय?

सर्वसमावेशक शिक्षण चुकीचं आहे, असं मी म्हणत नाही. १९७४ पासून सरकारने दिव्यांग मुलांना साध्या शाळेत बसवायची योजना आणली आणि त्यातून पुष्कळ मुलं आईजवळ राहून शिकली. ज्याला साध्या शाळेत जमतं त्याने तिथेच जावं. पण एकीचं भलं झालं म्हणून दुसरीचं दार बंद करायचं, हे मला पटत नाही. इंग्लंडमध्ये १७९२ साली लंडनला सुरू झालेली आणि पुढे मार्गेटला गेलेली कर्णबधिर मुलांची शाळा डिसेंबर २०१५ मध्ये बंद पडली. चालवणारा ट्रस्ट आर्थिक अडचणीत आला आणि सव्वादोनशे वर्षांची शाळा, तिच्या राहण्याच्या सोयीसकट, संपली. शाळा काढायला पिढ्या लागतात आणि मोडायला एक सत्र.

मी वाणिज्य शाखेची, नजर हिशेबाकडे जातेच. आपल्या निवासी विशेष शाळांना मुलांच्या जेवणखाण्यासाठी परिपोषण अनुदान मिळतं ते डोईप्रमाणे. समजा पन्नास मुली होत्या आणि तीस झाल्या. अनुदान घटलं. पण स्वयंपाकीण एकच लागते, रात्री झोपायला येणारी ताई एकच लागते, विजेचं बिल आणि छपराची गळती तीसलाही तेवढीच. मग पहिली काटछाट होते ती रात्रीच्या माणसावर, कारण दिवसा येणाऱ्या पाहुण्यांना ते दिसत नाही.

आणि रात्रीचं माणूस नसेल तर काय होतं, तेही सांगायला हवं. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका आश्रमात मतिमंद मुलींवरचे अत्याचार उघड झाले, पुढे न्यायालयाने दोषींना शिक्षा दिल्या. बोर्डिंग वाचवा म्हणणाऱ्याने हे लपवू नये. भिंती वाचवायच्या तर आतली तपासणी, स्त्री अधीक्षक, तक्रारीची वाट हे सगळं त्याबरोबर येतं. नाहीतर ते बोर्डिंग बंद झालेलंच बरं.

आपल्याकडे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. अशा एका वसतिगृहात चारही एका छताखाली लागतात. आपण देतो बहुतेक पहिलं. पुण्यतिथीला, वाढदिवसाला गोडाचं जेवण. फोटो निघतो, मुली गाणं म्हणतात. जेवणाच्या तारखा लवकर भरतात. रात्रपाळीच्या ताईच्या पगाराला अजून कुणी तिथी लावलेली मी पाहिली नाही, आणि अभयदान तर तेच आहे.

येत्या दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळापुढे मी एक प्रस्ताव ठेवणार आहे. नेहमीच्या जेवणांपैकी निम्मी कमी करायची आणि ते पैसे एका निवासी अंधशाळेतल्या रात्रीच्या अटेंडंटच्या पगाराला वर्षभरासाठी द्यायचे. दोघींना आधी बोलून पाहिलं. एक लगेच तयार झाली. दुसरीने विचारलं, ‘मग पाटी कुठे लावणार?’