चुकीच्या गृहीतकाचं बरोबर उत्तर

इंजिनिअरिंगच्या परीक्षेत कार्नो सायकलच्या गणिताला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. हा कार्नो कोण, हे मात्र ठाऊक नव्हतं. पुढे नोकरीसाठी रोज वाशिंदहून लोकल पकडू लागलो आणि या मार्गाचा इतिहास वाचताना तो पुन्हा भेटला.

बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली. १८५५ मध्ये रूळ वाशिंदपर्यंत पोचले. कोळसा जाळून चालणाऱ्या इंजिनातून जास्तीत जास्त किती काम काढता येईल, या प्रश्नाचं मूळ उत्तर त्याआधी ३१ वर्षं पॅरिसमध्ये छापून झालेलं होतं.

सादी कार्नो हा फ्रेंच लष्करातला इंजिनिअर. शिराजच्या सादी या फारसी कवीवरून वडिलांनी त्याचं नाव ठेवलेलं. १८२४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने एकच छोटं पुस्तक लिहिलं. त्यातली कल्पना आपल्याकडे पावसाळ्यात कुणालाही पटेल. माहुलीच्या कड्यावरून कोसळणारं पाणी चाक फिरवू शकतं, तळ्यात साठलेलं नाही. उंचीतला फरक हवा. तसंच उष्णतेचं. ती गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते, तेव्हाच काम मिळतं. किती मिळेल याची कमाल मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते. आत वाफ आहे की हवा, याने फरक पडत नाही. बॉयलरमधली वाफ १७० अंशांवर आणि बाहेर पडणारी १०० अंशांवर असेल, तर आदर्श इंजिनसुद्धा उष्णतेच्या साधारण १६ टक्क्यांचंच काम करू शकेल.

गंमत अशी, की यामागचं गृहीतक चुकीचं होतं. उष्णता म्हणजे 'कॅलॉरिक' नावाचा, कधीच न घटणारा द्रव, असं तेव्हा मानत. कार्नोनेही तेच धरलं: पाण्यासारखीच उष्णताही वरून खाली जाते, पण तेवढीच उरते. पुढे जूलच्या प्रयोगांनी दाखवलं, की काम होताना उष्णता खर्च होते. मग कार्नोला टाकून द्यायचं? १८५० साली क्लाउसियसने कॅलॉरिक टाकला आणि निष्कर्ष ठेवला. त्यातून उष्मागतिकीचा दुसरा नियम उभा राहिला. १८६५ मध्ये रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. त्याच वर्षी क्लाउसियसने 'एन्ट्रॉपी' हा शब्द घडवला.

कार्नो हे पाहायला नव्हता. बंगालातून निघालेली कॉलऱ्याची साथ १८३२ मध्ये पॅरिसला पोचली आणि तो छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याचे बरेच कागद नष्ट झाले. जे वाचले ते १८७८ साली भावाने छापले. त्यात दिसलं, की कॅलॉरिक खोटा असल्याचं कार्नोला स्वतःलाच कळून चुकलं होतं. किती उष्णतेतून किती काम मिळतं, याचा आकडाही त्याने काढला होता, जूलच्या कित्येक वर्षं आधी.

उत्तर हातात असूनही तो आपलं गृहीतक तपासत राहिला. मी गुण मिळाल्यावर वही मिटली होती.