आजऱ्याच्या छपरावरून सौर पॅनेल पाहताना : प्रस्तावना

घरावर सौर पॅनेल बसवायचे ठरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणत्या कंपनीचे घ्यावे? वारी, अदानी, टाटा पॉवर सोलर, विक्रम, प्रीमियर अशी नावे कानावर येतात, दोन-तीन कोटेशन हातात पडतात आणि प्रतिवॅट किती रुपये यावर तुलना संपते. ती तिथे संपू नये, यासाठी ही प्रस्तावना. सोलापूरच्या कोरड्या उन्हात जे पॅनेल सरस ठरेल तेच आजऱ्याच्या पावसात सरस ठरेल असे धरून चालता येत नाही. पॅनेलची तुलना आपल्या छपरापासून सुरू करावी आणि मग कागदाकडे जावे, असे माझे मत आहे. या विषयात यायला पदवी लागत नाही. दहावीपर्यंतचे गणित आणि स्वतःच्या घराची नीट ओळख एवढ्या भांडवलावर कोणीही आत येऊ शकतो.

विषयाची वंशावळ थोडक्यात सांगतो. द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर उजेड पडला की वीज निर्माण होते, हे फ्रान्समधल्या एदमों बेकेरेलला 1839 साली दिसले. उजेड इलेक्ट्रॉनला कसा मोकळा करतो याची उकल आइन्स्टाइनने 1905 मध्ये केली. कामाचा म्हणावा असा सिलिकॉनचा सेल मात्र 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी तयार केला. अंगावर पडलेल्या उन्हातली सुमारे 6 टक्के ऊर्जा तो विजेत उतरवत असे. आज बाजारात मिळणारे चांगले पॅनेल 21 ते 23 टक्क्यांवर आहे. सत्तर वर्षांची ही कमाई हजारो संशोधकांची आहे आणि तिचा लाभ आता गावातल्या गच्चीवर मिळतो आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

पण याच टक्केवारीने सर्वाधिक गैरसमज होतो. कार्यक्षमता जास्त म्हणजे वीज जास्त, असे समजून लोक चढा भाव देतात. वस्तुतः 3 किलोवॅटचा संच हा 3 किलोवॅटचाच असतो, मग पॅनेल 21 टक्क्यांचे असो की साडेबावीस टक्क्यांचे. फरक पडतो तो जागेत. पहिल्याला सुमारे 14.3 चौरस मीटर काच लागेल, दुसऱ्याला 13.3. म्हणजे एका चौरस मीटरची बचत. मुंबईच्या सोसायटीत त्या चौरस मीटरला किंमत आहे. आजरा तालुक्यातल्या स्वतंत्र घराच्या छपरावर सहसा तेवढी जागा मोकळीच असते, तेव्हा तिच्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

पॅनेलच्या मागच्या पट्टीवर छापलेले वॅट कुठून येतात, हेही समजून घ्यायला हवे. दर चौरस मीटरला 1000 वॅट इतका प्रकाश आणि सेलचे तापमान 25 अंश, या प्रयोगशाळेतल्या स्थितीत ते मोजलेले असतात. उन्हात पडलेला सेल 25 अंशांवर कधीच राहत नाही. मे महिन्याच्या दुपारी तो 60 अंशांपर्यंत सहज जातो आणि तापेल तशी वीज घटते. ही घट माहितीपत्रकात 'तापमान गुणांक' म्हणून दिलेली असते. सेल बनवण्याच्या पद्धतीवरून पॅनेलच्या मोनो पर्क, टॉपकॉन, एचजेटी अशा जाती पडतात. मोनो पर्कला ही घट दर अंशाला साधारण 0.35 टक्के, टॉपकॉनला 0.30 च्या आसपास आणि एचजेटीला त्याहूनही कमी असते. 550 वॅटचे पॅनेल घेऊन हिशेब करा. 35 अंशांच्या वाढीला पर्क सुमारे 67 वॅट गमावेल, टॉपकॉन 58. नऊ-दहा वॅटांचा हा फरक विदर्भात उन्हाळाभर पदरात पडेल. आजऱ्यात वर्षातले चार महिने ढगांत जातात आणि सह्याद्रीवरून येणारा वारा पॅनेल थंड ठेवतो, म्हणून इथे या गुणाचे वजन थोडे कमी धरावे.

मग इथे वजन कशाला द्यावे? ओलाव्याला. आंबोलीच्या घाटमाथ्यावर हिरण्यकेशी उगम पावते आणि खाली आजऱ्याकडे येते. त्या माथ्यावरच्या पावसाचा मोठा वाटा या तालुक्यालाही मिळतो. आजरा घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळवून देणारे हे हवामान काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या थरांत बंद केलेल्या सिलिकॉनची मात्र परीक्षा पाहते. बहुतेक पॅनेलला पुढे काच आणि मागे प्लॅस्टिकचा पत्रा असतो. त्या पत्र्यातून वर्षानुवर्षे बाष्प आत झिरपते, सेलवरच्या चांदीच्या बारीक रेषा आणि जोड गंजतात, आणि उत्पादन हळूहळू उतरते. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 61215 मध्ये यासाठीच एक चाचणी आहे. त्यात 85 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असलेल्या कपाटात पॅनेल 1000 तास ठेवतात. ती उत्तीर्ण होणे ही किमान अट झाली. काही उत्पादक तीच चाचणी 2000 तास किंवा त्याहून जास्त चालवतात आणि तसा अहवाल देतात. आजऱ्यातल्या ग्राहकाने विक्रेत्याकडे कार्यक्षमतेच्या आधी हा अहवाल मागावा.

याच कारणाने दोन्ही बाजूंना काच असलेल्या पॅनेलबद्दल माझे मत अनुकूल आहे, पण जाहिरातीत सांगतात त्या कारणासाठी नाही. 'बायफेशियल' म्हणून विकले जाणारे हे पॅनेल मागच्या बाजूनेही वीज बनवते हे खरे. ती किती बनते हे मात्र खालच्या जमिनीवर ठरते. पांढऱ्या रंगाची गच्ची असेल आणि पॅनेल चार-पाच फूट उंच असेल तर लाभ दिसतो. पावसाने काळवंडलेला, शेवाळ धरलेला स्लॅब मागे उजेड फारसा पाठवत नाही, आणि पत्र्याला चिकटवून बसवलेल्या पॅनेलच्या पाठीला तर उजेडच मिळत नाही. मागच्या काचेचा आपल्याला होणारा खरा फायदा म्हणजे ती बाष्प अडवते. दुसरी बाजूही सांगायला हवी. हे पॅनेल जड असते, आणि एका काचेच्या पॅनेलमध्ये सहसा 3.2 मिलिमीटरची काच असते तिथे यात दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा असतात. माकडांच्या उड्या ज्या छपरांवर रोजच्या आहेत तिथे त्याखालचा सांगाडा आणि क्लॅम्पच्या जागा उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच हव्यात.

आता छप्पर. आपल्या भागात छपरांचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे गणित निराळे आहे. उघडा स्लॅब सर्वांत सोपा. पण पाऊस इतका की पुष्कळ घरांनी स्लॅबवरही लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घातला आहे. तिथे पॅनेल पत्र्यावर बसते. त्याचे वजन आणि वाऱ्याची ओढ दोन्ही पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांनी (पर्लिन) पेलायचे असते, म्हणून पॅनेल निवडण्याआधी त्या सांगाड्याचे वेल्डिंग तपासून घ्यावे. पत्र्याला पाडलेले प्रत्येक भोक ही उद्याची गळती असते. पॅनेल आणि पत्रा यांत हवा खेळायला जागाही ठेवावी लागते. कौलारू घर असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे : कौलांच्या लाकडी वाशांवर पॅनेल चढवू नयेत, परड्यात किंवा गोठ्याच्या बाजूला वेगळा सांगाडा उभारावा. सांगाडा गरम जस्तात बुडवून मुलामा दिलेला असावा. जागेवर कापलेले किंवा वेल्डिंग केलेले टोक पहिल्याच पावसात तांबूस होते, तिथे जस्ताचा रंग लावून घ्यावा.

सावलीचा अभ्यास या विषयातला मला सर्वांत आवडता भाग आहे, कारण त्याला काहीच खर्च नाही. आजऱ्याचा अक्षांश सुमारे 16 अंश उत्तर. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. वीजबिल फुगल्यावर लोक चौकशी करतात ती याच दिवसांत, आणि तेव्हा गच्ची लख्ख उजेडात असते. तीच गच्ची डिसेंबरात पाहावी. 22 डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेपन्नास अंशांवर असतो, म्हणजे तीन फुटांच्या कठड्याची सावली भर दुपारीही अडीच फूट उत्तरेला पडते. सकाळी नऊला ती आणखी लांब. दक्षिणेकडची पाण्याची टाकी, शेजारचा फणस, जिन्यावरची खोली यांच्या सावल्या सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला खडूने आखून ठेवाव्यात. पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात. शेताच्या पाटात एका जागी माती ढासळली की पुढच्या सगळ्या वाफ्यांचे पाणी कमी होते, तसा एका पॅनेलवरच्या सावलीचा चिमटा पूर्ण साखळीला बसू शकतो. सावलीतल्या सेलना वळसा घालून वीज पुढे नेणारे बायपास डायोड आणि अर्ध्या कापलेल्या सेलची रचना हे नुकसान कमी करते, संपवत नाही. सावली टळतच नसेल तर प्रत्येक पॅनेलची वीज स्वतंत्रपणे घरच्या विजेत बदलणाऱ्या मायक्रो इन्व्हर्टरचा विचार करावा. साध्या पर्कवरून महागड्या टॉपकॉनवर जाण्यापेक्षा तो खर्च अशा घरात अधिक फळेल.

तोंड दक्षिणेला, उतार पंधरा अंशांच्या आसपास, हा आपल्या अक्षांशाला साजेसा नियम. दहा अंशांच्या खाली मात्र जाऊ नये. पावसाचे पाणी वेगाने वाहून गेले नाही तर खालच्या चौकटीशी माती साचते, तिथे शेवाळ धरते आणि सेलच्या खालच्या ओळीवर कायमची सावली पडते. पावसाळा संपला की मऊ फडक्याने ती कड पुसावी. ढगाळ दिवसात उजेड सर्व दिशांनी येतो, तेव्हा पॅनेल काम थांबवत नाही, कमी करते. वर्षाच्या सरासरीने एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट हा रूढ अंदाज आहे. एप्रिलमध्ये तो ओलांडला जाईल आणि जुलैत त्याच्या खूप खाली जावे लागेल. इथे नेट मीटरिंग आपल्या मदतीला येते. महावितरणच्या ग्रिडला दिलेले जादा युनिट पुढच्या महिन्यांच्या बिलात वळते होतात आणि हिशेब आर्थिक वर्षाअखेर, 31 मार्चला मिटतो. एप्रिल-मेची शिल्लक त्यामुळे जुलै-ऑगस्टला कामी येते. हिवाळ्याच्या शेवटी उरलेल्या युनिटांना मात्र कमी दर मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच घेण्यात शहाणपण नाही.

किती मोठा, याचे उत्तर बाराही महिन्यांच्या बिलांत आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत महिना 150 युनिटपर्यंत वापर असणाऱ्या घराला 1 ते 2 किलोवॅट, आणि 150 ते 300 युनिटला 2 ते 3 किलोवॅट सुचवले आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, असे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान आहे. त्याला एक महत्त्वाची अट आहे : पॅनेल आणि त्याच्या आतले सेल, दोन्ही भारतात बनलेले हवेत. बाजारात याला 'डीसीआर' पॅनेल म्हणतात. ते बिगर डीसीआरपेक्षा महाग असते, तेव्हा दोन कोटेशनची तुलना करताना दोन्हींत एकाच जातीचे पॅनेल धरले आहे ना, हे आधी पाहावे. याच योजनेच्या वाटेने सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. तोही सह्याद्रीच्या कुशीतलाच मुलूख आहे, हे आजरेकरांना हुरूप देणारे आहे.

हमीपत्र वाचताना दोन हमी वेगळ्या ओळखाव्यात. वस्तूची हमी, म्हणजे पॅनेल फुटले, उकलले, पाणी शिरले तर बदलून मिळण्याची, बहुधा 12 वर्षांची असते. उत्पादनाची हमी 25 ते 30 वर्षांची. पर्कच्या बाबतीत ती साधारणपणे पहिल्या वर्षी 2 टक्के आणि पुढे दरवर्षी 0.55 टक्के घट धरते, म्हणजे पंचविसाव्या वर्षाअखेर 84.8 टक्के उरायला हवेत. टॉपकॉनला 1 टक्का आणि 0.4 टक्के धरले तर 89.4. कागदावरचा हा फरक मोठा दिसतो आणि दर फारसा वेगळा नसेल तर टॉपकॉन घ्यावे असेच मी म्हणेन. पण आपल्या हवेत पहिली हमी अधिक महत्त्वाची आहे. करारात कंपनीचे नुसते नाव नको, मॉडेल क्रमांक हवा, आणि बसवण्याच्या दिवशी प्रत्येक पॅनेलच्या अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवावा.

एक गोष्ट विक्रेते हमखास सांगायची विसरतात. वादळात झाड पडून तारा तुटल्या आणि वीज गेली, तर ग्रिडला जोडलेला साधा संचही बंद पडतो, बाहेर ऊन असले तरी. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी इन्व्हर्टरला तशी सक्तीच आहे. पावसाळ्यात दिवसदिवस वीज जाणाऱ्या वाड्यांवर दिवे चालू हवे असतील तर बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च आधीच धरावा लागतो. वळवाच्या विजांसाठी डीसी बाजू, एसी बाजू आणि वीजरोधक यांचे अर्थिंग तीन वेगळ्या खड्ड्यांत असावे. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, तेव्हा त्याचा रोध मीटरने मोजून घ्यावा आणि आकडा लिहून मागावा.

या विषयातले पुष्कळसे ज्ञान मोठ्या सपाट प्रदेशांतल्या आणि परदेशातल्या मोजमापांवर उभे आहे. घाटमाथ्याखालच्या ओल्या पट्ट्यातले ज्ञान आपण छपराछपरावरून गोळा करायचे आहे. म्हणून वाचकांना विनंती : संच बसला की दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा, पॅनेलची जात, उतार आणि सावलीची नोंद एका वहीत करावी, आणि ती जवळच्या शाळा-महाविद्यालयातल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवावी. आजरा, गडहिंग्लज, चंदगड आणि भुदरगड या चार तालुक्यांतल्या अशा वह्या पाच वर्षांच्या झाल्या, की पुढचे घर पॅनेल निवडताना सोलापूरच्या आकड्यांवर अवलंबून राहणार नाही.